‘ही तरतूद’ म्हणजे नेमकी कोणती?

१८७५ च्या दख्खनच्या दंगलींवरच्या (शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावावरच्या) उताऱ्यात तुम्हाला अडलेला भाग असा आहे: ‘१८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांचीच मुदत घातली. मुदत संपत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. ज्यांच्या रक्षणासाठी ही तरतूद होती, त्यांच्यावरच ती उलटली.’ (रोखा म्हणजे कर्ज घेताना लिहून दिलेला कागद.) ‘ही तरतूद’ कशाबद्दल आहे या प्रश्नाला तुम्ही ‘नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत’ हा पर्याय निवडलात, उत्तरतालिकेत ‘तीन वर्षांची मुदत’ आहे. तालिका बरोबर आहे.

‘ही’ दिसलं की लगतचं मागचं वाक्य धरायची आपल्याला सवय असते, आणि पुष्कळदा त्यावर निभावतंही. इथे मात्र ‘तरतूद’ या नामाकडे बघा. तरतूद कायद्यात असते. सावकाराच्या रिवाजाला कोणी तरतूद म्हणत नाही. (‘ही’च्या लिंगावरून काही ठरवू नका. ते ‘तरतूद’शी जुळलंय, मागच्या नामाशी नाही. ‘हा नियम’ लिहिलं असतं तरी अर्थ हाच राहिला असता.)

आता उरलेलं वाक्य ताडून पाहा. उलटली कोणावर? समजा १०० रुपयांच्या कर्जावर तीन वर्षांत ६० रुपये व्याज थकलं. नवा रोखा १६० रुपयांचा होतो आणि पुढचं व्याज या १६० वर चढतं. यात सावकाराचं काहीच बिघडत नाही, बुडतो तो शेतकरी. मग शेतकऱ्याच्या रक्षणासाठी काय होतं? व्याज वर्षानुवर्षं साचू नये म्हणून घातलेली मुदत. ‘नवा रोखा’ त्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचा: ‘ज्यांच्या रक्षणासाठी नवा रोखा होता, त्यांच्यावरच तो उलटला.’ हे शेतकऱ्याला लागू पडत नाही आणि सावकारालाही नाही. असं प्रत्येक पर्याय वाक्यात घालून वाचणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. परीक्षेत वेळ कमी असला तरी हे टाळू नका.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जमावाने सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या, तो परिच्छेद सरळ आहे. ‘हे दस्तऐवज’ म्हणजे तेच कागद.

त्यापुढचं वाक्य मात्र पुन्हा फसवं आहे: ‘हीच पळवाट १८७९ च्या कायद्याने बुजवू पाहिली.’ इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर उचलून ‘तीन वर्षांची मुदत’ लिहू नका. मुदत ही पळवाट नव्हती, मुदतीतून सावकाराने काढलेली वाट ही पळवाट होती. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार पहिल्यापासून तपासायचा अधिकार दिला, तो यासाठीच. तेव्हा तुम्ही आधी निवडलेला ‘नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत’ हा पर्याय इथे बरोबर बसतो.