इम्प्लांटच्या दाताभोवती ब्रश करताना रक्त येतं पण दुखत नाही, काही करायला हवं का?

हो, आणि लवकर. दुखत नाही म्हणून थांबू नका, इथे बहुतेक वेळा दुखतच नाही आणि इम्प्लांट हलायला लागलं तर समजा की हाडाचा आधार जवळजवळ गेलेलाच आहे.

डॉक्टर आधी बारीक प्रोबने (खुणा असलेल्या काडीने) हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजतात, रक्त किंवा पू येतो का बघतात आणि एक्स-रे काढून हाड किती आहे ते बसवल्यानंतरच्या जुन्या एक्स-रेशी ताडून बघतात, म्हणून तो जुना एक्स-रे असेल तर नक्की घेऊन जा. जुनं काहीच नसेल तर रक्त किंवा पू, ६ मिमी किंवा जास्त खोली आणि किमान ३ मिमी हाड खाली गेलेलं, हे तिन्ही एकत्र दिसलं की पेरी-इम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवतीची सूज, ज्यात हाडही झिजतं) धरतात.

नुसती हिरडी सुजली असेल आणि हाड शाबूत असेल तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात, नीट साफसफाई केली की सहसा बरं होतं. हाड झिजलं असेल तर आधी खोलवर क्लीनिंग, तेवढ्याने भागलं नाही तर हिरडी उघडून इम्प्लांटचा पृष्ठभाग साफ करतात, हाडातला खड्डा योग्य आकाराचा असेल तर बोन ग्राफ्टही (हाडाची भर) भरतात. गेलेलं हाड पूर्ण परत येईलच असं नाही हो, नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवरही विसंबू नका. कॅपखाली जास्तीचं सिमेंट अडकलंय का हे मात्र मुद्दाम विचारा, हे कारण बऱ्याचदा सुटून जातं. सिगारेट आणि शुगर दोन्ही आटोक्यात हवं, रोज इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीत घालायचा छोटा ब्रश) वापरा.