जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या खऱ्या दमास्कसच्या आहेत हे कसं ओळखायचं?

नळीवर नुसती नक्षी दिसली म्हणून भुलू नका. साध्या पोलादी नळ्यांवर तेजाबाने तसलीच नक्षी उमटवून विकणारे त्या काळीही होते! खऱ्या दमास्कसमध्ये लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र तापवून, पिळून, त्यांची पट्टी एका दांड्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळत आणि घणाने ठोकून जोडत. म्हणजे नक्षी धातूच्या अंगातच असते. पुढचा लाकडी भाग काढून नळ्यांची खालची बाजू पाहा. तिथेही पीळ अखंड दिसला आणि पट्टीच्या जोडाची तिरपी रेघ नळीभोवती फिरत गेलेली सापडली, तर माल बहुधा अस्सल. मात्र पॉलिश करून पाहू नका; नक्षी उठून दिसते ती मुद्दाम चढवलेल्या गंजामुळे, घासलात तर ती दिसेनाशी होईल.

नळ्या सुट्या करून बुडाशी सपाट भागावरचे शिक्के वाचा. लंबगोलात ‘ईएलजी’ असेल तर बंदूक बेल्जियममधल्या लिएज शहरातली नळ्यांच्या मजबुतीची चाचणी पास झालेली. त्यावर मुकुट असेल तर ती 1893 किंवा नंतरची. इंग्लिश नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ (म्हणजे एकसंध गोळीसाठी नाही) असेल तर काळ साधारण 1875 ते 1887.

पिळाचे वळसे जितके बारीक आणि एकसारखे, तितकी कारागिरी सरस. मला तर अशी नळी तिरप्या उजेडात फिरवून बघायलाच आवडते. आधुनिक काडतूस मात्र तिच्यात अजिबात घालू नका. जोडांत आतून गंज असू शकतो, तो बाहेरून दिसत नाही.