स्टॉकहोमला आठ तास आणि बाबांचा हट्ट

प्रश्न : आम्ही सांगलीचे. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन बाल्टिकच्या क्रूझवर चाललोय. स्टॉकहोमला जहाज फक्त आठ तास थांबणार. बाबा (वय 71) म्हणतात वासा म्युझियमच बघायचं, बाकी सगळे म्हणतात एवढ्या लांब जाऊन एक जुनं जहाज काय बघायचं, सिटी टूर करू. काय करावं?

उत्तर : बाबांचं ऐका, अगदी मनापासून सांगतोय. वासा हे जहाज 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्यांदाच निघालं आणि साधारण 1300 मीटर गेल्यावर बुडालं, तेही काठावर लोक बघत असताना. 64 तोफांचं, स्वीडनच्या राजाचं जहाज, पण वरचा भार फार आणि तळात वजनासाठी भरलेले दगड कमी पडले, वाऱ्यानं कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. आधी बंदरातच 30 खलाशांना डेकवर इकडून तिकडं पळवून चाचणी घेतली होती, जहाज इतकं डुलायला लागलं की चाचणीच थांबवली, तरी सोडलं! 2019 च्या महापुरात जो बोटीत बसलाय त्याला हे वेगळं समजवायला नको, सगळे एका बाजूला सरकले की पोटात कसा गोळा येतो ते.

1961 ला ते अख्खं वर काढलं. बाल्टिकचं पाणी कमी खारट असल्यानं लाकूड पोखरणारा समुद्री जीव तिथं टिकत नाही, म्हणून 333 वर्षं लाकूड राहिलं. मग ते सुकताना तडकू नये म्हणून 17 वर्षं त्याच्यावर रसायन फवारत होते.

आता जाण्याचं. तुमचं जहाज शहरात लागणार की नीनेसहामन या बाहेरच्या बंदराला, हे आधी बघा. नीनेसहामनहून शहर रेल्वेनं तासाभरावर आहे, तसं असेल तर वयस्कर माणसं सोबत असताना जहाजाचीच टूर घ्या, कारण त्या टूरला उशीर झाला तर जहाज शक्यतो थांबतं, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. शहरातच लागलं तर सकाळी दार उघडताना पोचा, दुपारी गर्दी होते. 7 नंबरची ट्राम जवळ सोडते. बँकेचं कार्ड परदेशात चालेल असं करून घ्या, तिकडं रोख पैसे फारसे कुणी घेत नाही. 18 वर्षांपर्यंतच्या पोरांना तिकीट नाही.

आत लाकडासाठी उजेड मंद आणि हवा गार ठेवलेली असते, आईंना स्वेटर घ्या. जहाजावर चढता येत नाही, पण भोवतीनं मजले आहेत, लिफ्टही आहे, दोन-अडीच तास सहज लागतात. वेळ उरला तर बाकीच्यांनी शहर बघावं, बाबांना मात्र जहाजाच्या मागच्या बाजूच्या कोरीवकामापाशी निवांत उभं राहू द्या, घाई करू नका.