ट्रंपेट रेकॉर्ड करायला घरातली खोली बरी की बाहेरचा हॉल?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन इंची फोम लावलाय, तरी ट्रंपेट डब्यातून वाजल्यासारखा येतो, तर आणखी फोम लावू का. नका लावू. आहे त्यातलाही निम्मा काढा.

मी हेच करून बसलोय. फोम परवडत नव्हता म्हणून चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या. रेकॉर्डिंग ऐकून आमचे सर म्हणाले, "तोंडावर उशी धरून वाजवलंस का रे?"

दोन इंची फोम साधारण ५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वर किती उंच, याचं माप) वरचाच आवाज नीट शोषतो. ट्रंपेटचे मूळ स्वर मात्र साधारण १६५ हर्ट्झपासूनच सुरू होतात आणि ९३०पर्यंत जातात. म्हणजे वरची झळाळी फोम गिळतो आणि खालचं घुमणं जागच्या जागी राहतं. त्यात तुमची खोली चौरस, आणि छतही दहा फुटांच्या आसपासच असणार. तिन्ही मापं सारखी असली की खालचे ठरावीक स्वर उगाच फुगतात आणि त्यांच्या शेजारचे बसतात. यावर माइक बदलून काही होत नाही.

पितळी वाद्याला मोकळी जागा लागते. चौदा-पंधरा फुटी छताच्या हॉलमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज उशिरा आणि विखरून येतो, त्यामुळे मूळ स्वरात कालवला जात नाही. माइकही पाच-सहा फूट लांब, भोंग्याच्या सरळ रेषेतून जरा बाजूला ठेवता येतो. जवळच्या माइकला मान हलली तरी फरक कळतो.

असा हॉल पुण्यात परवडणारा कुठला, तर मंगल कार्यालय. तेही पितृपंधरवड्यात! चातुर्मासात लग्नं नसतातच, पण आषाढ-श्रावणात संध्याकाळ झाली की ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू, मग गणपती. अनंत चतुर्दशी उलटली की ढोल थांबतात, कार्यालय रिकामं असतं आणि मॅनेजर दोन तासांसाठी बोलायला तयार होतो. पाऊस मात्र असू शकतो, म्हणून पत्र्याचं छत नको, स्लॅबचं बघा.

पैसे देण्याआधी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असं आलं तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. कार्यालयातल्याच सतरंज्या एका भिंतीवर टांगा, खुर्च्यांच्या चळती कमी-जास्त उंचीच्या लावा. मग खालपासून वरपर्यंत हळू स्वर वाजवत चाला आणि माइकच्या जागी मित्राला उभं करा. एखादा स्वर तिथे फुगला तर जागा बदला. पंखे आणि पाण्याचा कूलर बंद करायला सांगा.

पेठांतले वाडे? लाकडी तुळयांमुळे आवाज गोड विखुरतो, पण छत बुटकं आणि बाहेर स्कूटर. मी नाद सोडला.

बाहेर जमणार नसेलच तर खोली सोडा, घरातल्या दिवाणखान्यात वाजवा. कोपऱ्यात तिरपे उभे राहा, भोंगा पुस्तकांच्या कपाटाकडे, माइक चार फुटांवर. सोफा असू द्या.

आणि कार्यालयात जाताना जुना टॉवेल न्या. वाजवताना आत साचलेलं पाणी चावी दाबून ट्रंपेटमधून काढलं, तेव्हा एका मॅनेजरनं माझ्याकडून फरशी पुसून घेतली होती.