लेप्टोच्या उरलेल्या गोळ्या आईंना देऊ नका

ताई, गुहागरला असलेल्या तुमच्या आईंनी जन्मभर मशेरी लावली, हिरड्यांतून पू येतो आणि वर्षभरात विसरणं वाढलंय. हिरड्यांच्या जंतूंमुळे अल्झायमर होतो हे तुम्ही ऐकलंत, आणि पावसाळ्यात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापासाठी) आणलेल्या डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात उरल्यात, त्या सुरू कराव्यात का, असं विचारलंय. करू नका.

ऐकलंत ते अगदीच हवेतलं नाही. २०१९ साली अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांच्या जंतूची विकरं (एन्झाइम) सापडली. उंदरांच्या तोंडात हा जंतू सोडला तर तो मेंदूपर्यंत पोचला आणि तिथलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिनही वाढलं. मग ती विकरं रोखणाऱ्या औषधाची ६४३ रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला: विसरणं थांबलं नाही, उलट काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. तुमच्या हातातल्या डॉक्सीचीही परीक्षा होऊन गेलीय. कॅनडात ४०६ रुग्णांच्या चाचणीत डॉक्सी आणि रिफाम्पिन हे दुसरं अँटिबायोटिक वर्षभर दिलं. २०१३ साली निष्कर्ष छापला, फायदा नाही.

शिवाय आधी काय बिघडलं, हिरड्या की मेंदू? विसरणारा माणूस दात घासायचंही विसरतो. अल्झायमरची मेंदूतली सुरुवात तर लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधीची.

तरी जंतूंमुळे बुद्धी बिघडते हा धागा संशोधक सोडत नाहीत, कारण एकदा तो खरा ठरलाय. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू दाखवला, आणि पेनिसिलिन आल्यावर तो आजार दुर्मीळ झाला.

माझ्या मते तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते वेगळंच. आई दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलू लागल्या, रात्री घाबरून उठू लागल्या, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाने असं होतं, कधी ताप न येताही. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. कमी असेल तर त्यानेही विसरणं वाढतं.

हिरड्यांवर उपचार मात्र जरूर करा, मेंदूसाठी नव्हे, जेवता यावं म्हणून. चिपळूणला नेलंत तर मशेरी बंद करायचं डेंटिस्टलाच सांगायला लावा. तुमचं त्या ऐकायच्या नाहीत.