मैत्री, प्रार्थना आणि कादंबरीतले वळण

प्रश्न : मी ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या आवडीने वाचते. त्यांतले जुने मित्र-मैत्रीण शेवटच्या प्रकरणात, बहुधा एका प्रार्थनेनंतर, एकाएकी प्रेमात पडतात आणि ते मला पटत नाही. मी स्वतः लिहीत असलेल्या कादंबरीतील नायक-नायिका माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या गायकवृंदात अनेक वर्षे एकत्र गात आहेत. त्यांच्या नात्यातले हे वळण कसे रंगवावे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. विवाहापूर्वीची शारीरिक जवळीक रंगवायची नाही, हा संकेत या कादंबऱ्यांचे बहुतेक लेखक पाळतात. त्यामुळे ओढ निर्माण करण्याचा सारा भार संवाद, सेवा आणि विश्वास यांवर पडतो, आणि मैत्रीत हे सारे आधीच असल्यामुळे लेखकाला ती वाट सोयीची वाटते. सोय झाली की घाई होते. याउलट, जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या कादंबरीत विधवा नायिका केवळ आसऱ्यासाठी एका विधुराशी लग्न करते, प्रेम मात्र त्याच्या घरातले रोजचे कष्ट आणि त्याचा संयम पाहत, पुष्कळ नंतर येते.

माझ्या मते खरी अडचण प्रार्थनेच्या वापरात आहे. प्रार्थनेने नायिकेला धीर यावा, स्वतःचा स्वार्थ दिसावा. परंतु जे प्रेम लेखकाने आधीच्या पानांत पेरलेलेच नाही, ते देवाकडून उगवून घेणे हा श्रद्धेचाही अवमान आहे, असे मला मनापासून वाटते. बायबलमधील रूथचे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचा. रूथने आपल्या सासूसाठी, नामीसाठी, काय केले हे शेतमालक बवाजाच्या कानावर आधीच आलेले असते. जव आणि गहू यांची कापणी संपेपर्यंत ती त्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचते. आणि मग रात्री खळ्यावर जाऊन विवाहाची गोष्ट तीच काढते. आदर, सहवास आणि धोका पत्करणे हा क्रम तिथे स्पष्ट दिसतो.

तुमच्या कादंबरीला माहीमचा बुधवार आयताच लाभला आहे. दर बुधवारी नोव्हेनासाठी, म्हणजे तिथल्या विशेष प्रार्थनेसाठी, सर्व धर्मांचे लोक त्या चर्चमध्ये येतात, आणि त्या गर्दीत नायक एखाद्या अनोळखी म्हातारीशी कसा वागतो, हे नायिकेने अनेक वर्षे पाहिले असूनही एखाद्या बुधवारी ते तिला निराळे जाणवू शकते. दोघांना एकाच वेळी जाणीव होऊ देऊ नका. एकाने बोलून दाखवल्यावर दुसऱ्याने नकार दिला, तर मैत्री जाईल, गायकवृंदात शेजारी उभे राहणे अवघड होईल आणि दोन्ही घरांत कुजबुज सुरू होईल. हे भय वाचकालाही जाणवले पाहिजे. म्हणून कबुलीचे प्रकरण शेवटी न ठेवता कादंबरीच्या मध्यावर आणा आणि त्यानंतरचे काही बुधवार त्यांना उत्तराविना गायला लावा.