पौष्टिक खायला पैसे लागतात हो मॅडम

आहार समुपदेशनाला येणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी सतत ऐकते, मॅडम ते पौष्टिक वगैरे सगळं बरोबर आहे पण आम्हाला परवडलं पाहिजे ना. आणि त्यांचं काही चुकीचं नाहीये. महिन्याला सतरा-अठरा हजार घरात येतात, त्यात भाडं, शाळेची फी, गॅस, लाईट बिल, बचत गटाचा हप्ता, आणि उरलेल्यात पाच माणसांची तोंडं, तिथे बदाम अक्रोड कुठून आणायचे. म्हणून एका घराची गोष्ट जरा सविस्तर सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

सुनीताताई सोलापूरच्या. नवरा रिक्षा चालवतो, त्या घरी शिवणकाम करतात, घरात सासू, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं कारण हिमोग्लोबिन ८.६, जिना चढला की धाप लागायची आणि संध्याकाळी मशीनवर बसल्या की डोळ्यापुढे अंधारी यायची. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्त कमी, म्हणजे अ‍ॅनिमिया धरतात. आणि ही काही एकट्या सुनीताताईंची गोष्ट नाही हं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. आपण बायका मात्र थकवा म्हणजे कामाचाच असणार असं धरून चालतो.

आल्या त्या मोबाईलमध्ये रील्स सेव्ह करूनच. चिया सीड्स, किनोआ, अ‍ॅव्होकॅडो, ब्रोकोली. म्हणाल्या, मॅडम यातलं एक जरी रोज आणायचं म्हटलं तरी ह्यांची दिवसाची अर्धी कमाई जाईल, म्हणून मी पोरांपुरता दुधात घालायच्या पावडरचा डबा आणते आणि मी आपली बीट खाते, बीटानं रक्त वाढतं ना.

मी पहिल्या भेटीत डाएट चार्ट देतच नाही. तो कागद फ्रीजला चिकटतो आणि तिथेच राहतो. मी दोन गोष्टी विचारते, काल दिवसभर तुमच्या स्वतःच्या ताटात काय काय होतं आणि महिन्याच्या किराण्याची यादी काय. घरच्यांच्या ताटातलं नाही विचारत, तुमच्या.

त्यांचा कालचा दिवस असा होता. सकाळी चहा आणि दोन खारी. अकराला परत चहा. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर दोन भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटीचं वरचं पाणी. मी विचारलं डाळ? तर म्हणाल्या, डाळ खालनं ढवळून ह्यांना आणि पोरांना वाढते, राहिली तर घेते. भाजी तळाशी राहिलेली दोन घास. चारला चहा. रात्री भात आणि तीच आमटी. म्हणजे रोज डाळ शिजवणारी बाई रोज डाळीशिवाय जेवत होती आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात कसली तक्रार पण नव्हती, सगळ्या घरात असंच असतं ना असा चेहरा. मला हे दर वेळी आतून टोचतं. कारण अशा ताटाला किनोआचा काय उपयोग होणार, उद्या किनोआ आणला तरी तोही आधी बाकीच्यांनाच वाढला जाणार.

बीटाचं पण तेव्हाच सांगून टाकलं. बीट खा, चांगलंच आहे, पण ते लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, रक्त वाढायला लोह लागतं आणि १०० ग्रॅम बीटात १ मिलिग्रॅम सुद्धा लोह नसतं. तेवढ्याच बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आणि सोलापुरात बाजरी काय भावानं मिळते ते तुम्हाला माहीतच आहे.

मग यादी काढली. पावडरचा डबा चारशेच्या घरात. पोरांना रोज दहा-दहाची कुरकुरीत पाकिटं, म्हणजे महिन्याला सहाशे. खारी-बिस्किटं तीनशे. तेल सात लिटर. हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पाच माणसांना महिन्याला तूरडाळ दोन किलो आणि मटकी अर्धा किलो, बस्स. मी त्यांच्याच वहीत दोन्हीची बेरीज त्यांच्याच हातानं करायला लावली. मी सांगितलं असतं तर ते लेक्चर झालं असतं, स्वतः आकडा लिहिला की माणूस गप्प बसून विचार करतो.

डब्याबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं कारण तो प्रेमानं आणलेला असतो, पोटाला चिमटा काढून. मी त्यांना मागचं लेबल वाचायला सांगितलं, सुरुवातीच्या नावांमध्येच साखर होती. एप्रिल २०२४ मध्ये तर केंद्र सरकारनं ऑनलाईन विकणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखालून काढायला सांगितली, कारण आपल्या अन्न कायद्यात असा काही प्रकारच नाही. मग दुधात काय घालू? मी म्हटलं काहीच नको, नुसतं दूध पुरेसं आहे, आणि घालायचंच असेल तर नाचणीचं सत्व शिजवून घाला. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, किलोभर नाचणी डब्याच्या पाव किमतीत येते.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं. हे मी मुद्दाम करते, कारण घरात नवीन काही आणायचं तर स्वयंपाकघरात दोन बायकांचं एकमत लागतं, आणि दुसरं म्हणजे स्वस्तात चांगलं खायचं ज्ञान त्या पिढीकडे भरपूर आहे. मावशी आधी जरा तिरक्याच बसल्या होत्या, सून माझी तक्रार घेऊन आलीय की काय असं वाटलं असणार. मी विचारलं मावशी, तुमच्या लहानपणी थंडीत काय करायचे हो घरी? आणि मग त्या जे सुटल्या! हुलग्याचं म्हणजे कुळथाचं माडगं, ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी वर लसणाची फोडणी, जवसाची चटणी, कारळाची चटणी, बाजरीची भाकरी तीळ लावून, मोड आलेल्या मटकीची उसळ, अळिवाचे लाडू. सुनीताताई बघतच राहिल्या, म्हणाल्या आत्या, तुम्ही हे कधी केलंच नाही आपल्याकडे. तर मावशी म्हणाल्या, अगं गरिबाचं खाणं म्हणून पोरं नाक मुरडतील वाटलं.

इथूनच त्या घराचा मेनू ठरला, माझ्या पुस्तकातून नाही.

पाकिटांचे आणि डब्याचे जे पैसे वाचले त्यातून हुलगे, मसूर, हरभरे, चवळी एकेक किलो आणि जादा शेंगदाणे आले. तेल पाच लिटरवर आणायचं ठरलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल पुरे, म्हणजे पाच जणांना महिन्याला साडेचार लिटरच्या आत बसतं, पण सातवरनं एकदम तिथे येणं जमत नाही, चवीची सवय मोडायला वेळ लागतो. कडधान्य रात्री भिजवायचं, सकाळी फडक्यात बांधायचं, मोड आले की शिजायला गॅस कमी लागतो आणि त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. एकदा उसळ केली की दुपारी रस्सा करून भाकरीबरोबर, आणि थोडी सुकी बाजूला काढून संध्याकाळी पोरांना कांदा टोमॅटो चुरमुरे घालून भेळ. ही भेळ पाकिटांच्या जागी आली. मुलीनं लगेच स्वीकारली, मुलगा अजून भांडतो, शाळेच्या डब्यात त्याला मित्रांसारखंच हवं असतं, तर आठवड्यातून एकदा पाकीट मिळेल असं ठरलंय आणि ते मला चालतं. घरात रोजची लढाई करून कोणी पौष्टिक खात नाही.

ते लोक अंडी खातात, मग आठवड्यातून तीन-चारदा अंडी. आणि रविवारी मटण-चिकन आणतातच तर महिन्यातून एखाद्या रविवारी कलेजी आणा म्हटलं, स्वस्त असते आणि त्यातलं लोह शरीराला भाकरी-भाजीतल्यापेक्षा सहज मिळतं. जे खात नाहीत त्यांनी जेवताना लिंबू पिळायचंच. लिंबू, कच्चा टोमॅटो, आवळा, पेरू यातल्या सी व्हिटॅमिननं धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहानं बरोबर उलटं होतं, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही. सुनीताताईंना सगळ्यात अवघड हेच गेलं. खारी सोडली, डाळ खाल्ली, पण जेवल्यावरचा चहा सोडताना दोन-तीन आठवडे चिडचिड झाली.

पण यातला सगळ्यात मोठा बदल बिनपैशाचा होता, ताई सगळ्यांबरोबर जेवायला बसणार. निदान रात्री. आणि डाळ आधी ढवळून मग पाच ताटात सारखी वाढायची. हे मी त्यांच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं कारण बाईनं स्वतः असं म्हणायचं म्हणजे तिला हावरटपणा वाटतो. तो बिचारा म्हणाला मॅडम मला माहीतच नव्हतं ती काय खाते, मी जेवून उठतो तेव्हा ती पोळपाटाशीच असते. असे खूप नवरे आहेत, वाईट नसतात, बघितलेलं नसतं. मुलगी दहाची आहे, काही वर्षांत पाळी येईल, आईचं बघून ती पण उद्या शेवटीच जेवणार हे मी त्याला मुद्दाम बोलले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, ८.६ हिमोग्लोबिन नुसत्या भाकरी-उसळीनं वर येत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी मधेच बंद केल्या होत्या, मळमळतं आणि शौचाला काळं होतं म्हणून. काळं होणं नॉर्मल आहे, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर घ्यायची, चहा-दुधाबरोबर नाही, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, तुमच्याच करातून येतात त्या. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर एका बाजूनं भरतोय आणि दुसऱ्या बाजूनं रिकामं होतंय.

तीन महिन्यांनी रिपोर्ट ११.१ आला. किराण्याचं बिल जवळपास तेवढंच, थोडं कमीच. त्यांना वाटलं झालं आता गोळ्या बंद. नाही, हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरसुद्धा डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात कारण शरीरातला लोहाचा साठा भरायचा असतो. सध्या त्या घेतायत, आणि मावशींनी नातीचं पण हिमोग्लोबिन तपासायची चिठ्ठी माझ्यामार्फत डॉक्टरांकडून मागवून घेतलीय.